पंधरा दिवसांचा रोज

लाखांदूरहून वडशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक भात गिरणी होती. मालकाच्या वडिलांनी ती एका हलरवर सुरू केली होती. पुढे रबर रोलचे यंत्र आले, पॉलिशर आला, मागच्या बाजूला पत्र्याचे गोदाम उभे राहिले आणि गिरणी सरकारी धानाची भरडाई करू लागली. खरेदी केंद्रावरून धान यायचे आणि एका क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ सरकारी गोदामात पोचता करावा लागायचा. कनकी आणि कोंडा गिरणीचा. हिशोब काटेकोर होता, पण मालक मनाने कोरडा नव्हता. हमालाच्या घरी लग्न निघाले की न मागता उचल द्यायचा. गिरणीचे दिवाणजी त्याच्या वडिलांच्या काळापासूनचे, सत्तरी ओलांडलेले. मालक त्यांना अजून काका म्हणायचा आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर पाय घेऊन बसायचा नाही.

दरवर्षी मे महिन्यात कॉलेजातून पोरे यायची. पंधरा दिवस कुठेतरी काम पाहायचे, शेवटी सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र घेऊन जायचे. गिरणीत त्यांना ट्रेनिंगची पोरे म्हणत. मालकाचा नियम सोपा होता. शिकवायचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि शिकायला आलेल्याला पैसे द्यायचे नाहीत. दुपारी चहा आणि निघताना एक पेन. यात काही वावगे आहे असे कुणालाच कधी वाटले नव्हते. कॉलेज खूश होते, पोरे खूश होती, मालकही खूश होता.

एका वर्षी नऊ जण आले. त्यांत चुलबंद नदीकाठच्या एका गावातली पोरगी होती. सकाळी काळीपिवळीत दाटीवाटीने बसून यायची आणि गिरणीचा पट्टा फिरायच्या आधी दारात उभी असायची.

मिस्त्रीने पहिल्याच दिवशी तिच्या हातावर मूठभर धान ठेवले.

"चावून पाय."

तिने दाणा दाताखाली धरला. तो कट्ट वाजला.

"हा वाळला. आता हा पाय." दुसरा दाणा वाजला नाही, दबला. "याच्यात पानी हाय. सरकारी केंद्रावर सतरा टक्क्याच्या वर ओल असली का धान परत. भरडाले चौदाच्या जवळ बरा. मीटर हाय आपल्याजवळ, पन मीटर बिघडते. दात बिघडत नाई."

ती दिवसभर दाणे चावत राहिली. आधी दाताने सांगायची, मग मीटर लावून पाहायची. तिसऱ्या दिवशी दोन्हींत फारसे अंतर राहिले नाही. मग मिस्त्रीने तिला तांदळाचा नमुना पाहायला बसवले. शंभर ग्रॅम तांदूळ ताटात पसरायचा, अख्खा दाणा एकीकडे, टुकडा दुसरीकडे, आणि दोन्ही वजन करून वहीत मांडायचे. डोळे दुखवणारे काम. बाकीची पोरे अर्ध्या तासात कंटाळून पंख्याखाली गेली. हिने दोन दिवसांत वहीची चार पाने भरली आणि मिस्त्रीला म्हणाली, "मिस्त्रीदादा, गोदामातल्या धानाले टुकडा कमी पडते अन् अंगणातल्याले जास्त पडते जी. शेतकरी तं एकच हाय."

मिस्त्रीने हातातले पान्हे खाली ठेवले. "ऊन," तो म्हणाला. "मे महिन्याचं ऊन उन्हाळी धानाले आतून चिरते. वरून काहीच दिसत नाई. रोलात गेला का तुटते." तो हे वीस वर्षांपासून जाणून होता, पण त्याला हे विचारणारे आजवर कुणी भेटले नव्हते. त्या संध्याकाळी त्याने दिवाणजींना ती वही आणून दाखवली.

सहाव्या दिवशी ती आली नाही. सातव्या दिवशीही नाही.

मालकाने हजेरीपत्रकावर नजर टाकली. "आजकालच्या पोट्ट्यायले दम निघत नाई, काका. पंधरा दिवसबी होत नाई."

पंधरवडा संपला. आठ जणांना प्रमाणपत्रे मिळाली. त्यांत कृषी केंद्रवाल्याचा मुलगा होता. तो सगळे दिवस आला होता आणि बहुतेक वेळ पंख्याखाली मोबाइल पाहत बसला होता. मिस्त्रीने त्याला कधी उठवले नाही. फुकट आलेल्या पाहुण्याला काय बोलायचे, असे मिस्त्री म्हणायचा. त्याच्या प्रमाणपत्रावर 'समाधानकारक' असा शेरा पडला. मुलीच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिले गेले.

त्याच संध्याकाळी दिवाणजी एका जुन्या उधारीसाठी त्या नदीकाठच्या गावी गेले. गावाबाहेर तेंदूपत्त्याची फळी लागली होती. मोकळ्या मैदानात हिरव्या पुड्यांच्या रांगाच रांगा. तिथे ती मुलगी आणि तिची आई पुडे मोजून देत होत्या. सत्तर पानांचा एक पुडा, आणि भाव शेकड्यावर. मुलीची बोटे पानांच्या चिकाने काळी पडली होती. त्या दोघी पहाटे चारच्या अंधारात घर सोडायच्या. जंगलात वाघ होता, म्हणून बाया झुंडीने जायच्या आणि एकमेकींना हाका देत पाने तोडायच्या. ऊन चढायच्या आत गाठोडी डोक्यावर घेऊन परतायचे, दुपारभर मांडवात बसून पाने जुळवायची, वाखाने बांधायची, आणि दिवस कलला की फळीवर.

दिवाणजींना पाहून ती उभी राहिली.

"काऊन आली नाई वं, पोरी?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, पत्त्याचा सिझन पंधरा दिवसाचा असते. तुमची ट्रेनिंगबी पंधराच दिवसाची. दोन्ही एकदमच येते."

"मंग मालकाले सांगायचं होतं."

"काय सांगू जी? तुमी शिकवून रायले, अन् मी पैशाचं सांगू?"

तिची आई पुडे मोजता मोजता बोलली. "पत्त्याच्या पैशात खरिपाचं बी येते, काकाजी. तिनं पाच दिवस तिकडं काढले तं मी एकटीच होती. एकटीनं पाच दिवसात किती पुडे होते?"

दिवाणजी उधारी न मागताच परत आले. गिरणीत येऊन त्यांनी मालकाला सगळे जसेच्या तसे सांगितले, वर स्वतःचे एक वाक्यही घातले नाही.

मालक चांगला माणूस होता, म्हणून त्याला हे लागले. "पुढच्या वर्षी सगळ्यायले रोज देऊ," तो म्हणाला. "आपल्या मजुराले देतो तेवढाच. एक पैसा कमी नाई."

आणि पुढच्या मे महिन्यात त्याने तसे केले. सात पोरे आली. पहिल्याच दिवशी रोज जाहीर झाला आणि पोरांचे चेहरे उजळले. पण गोदामाच्या मुकादमाने ते ऐकले होते. त्याच्या हिशोबात रोज घेणारा माणूस म्हणजे मजूर. त्याने तिघांना पोत्यांची तोंडे शिवायला लावले, दोघांना शिक्क्याच्या चिठ्ठ्या टाचायला, उरलेल्यांना कोंडा ओढायला आणि कनकी चाळायला. मिस्त्री दोनदा त्यांना बोलवायला आला. मुकादम म्हणाला, "रोज घेते तं काम करा लागन ना, मिस्त्री. शिकवणी रात्री घ्या."

मालकाने हे पाहिले, पण काही बोलला नाही. पैसे जात होते, तर थोडे काम निघाले तर बरेच, असे त्यालाही वाटले असावे.

आठवड्याभराने दोन बाया दिवाणजींच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षे गिरणीत झाडलोट करणाऱ्या, कनकी चाळणाऱ्या बाया. मुकादमाने त्यांना पंधरा दिवस येऊ नका म्हणून सांगितले होते. कॉलेजची पोरे करत होती ना ते काम.

त्यांतली मोठी म्हणाली, "दिवाणजी, लेकरं शिकाले आली, शिको बापडी. पन आमचा रोज कोनं खाल्ला?"

दिवाणजींकडे उत्तर नव्हते.

शेवटच्या दिवशी त्यांनी एका मुलाला जवळ बोलावले. हुशार, कामसू पोरगा होता. त्याच्या बोटाला सुईची भोके पडली होती. दिवाणजींनी विचारले, "बापू, धानात किती टक्के ओल चालते?"

मुलगा ओशाळला. "ते नाई मालूम, काका. पोतं शिवता येते मले. एका मिनिटात शिवतो."

त्या संध्याकाळी मालक बराच वेळ गल्ल्यावर बसून होता. "नाई दिलं तं गरिबाचं लेकरू येत नाई," तो म्हणाला. "देलं तं त्याचा मजूर होते, अन् खऱ्या मजुराचा रोज जाते. मंग करा तं करा काय, काका?"

दिवाणजींनी चष्मा काढून पुसला. त्यांचे बालपण मूलोद्योगाच्या शाळेत गेले होते. रोज काही वेळ टकळीवर सूत काढायचे आणि मग पाटी घ्यायची. त्यांच्या गुरुजींनी त्यांना वर्ध्याची हकीकत सांगितली होती. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली आणि म्हटले की मुलांनी हाताचे काम करत शिकावे, आणि त्या कामातून शाळेचा खर्चही निघावा. तेव्हा त्याच परिषदेत काही जाणत्यांनी शंका काढली होती. कमाईवर नजर गेली की शाळेचा कारखाना होईल, असे ते म्हणाले.

"आमचे गुरुजी सूत तोलायचे," दिवाणजी म्हणाले. "पन तोलून झालं का विचारायचे, आज तुटलं किती वेळा अन् कायनं तुटलं? घरी जाऊन आमी सुताचा भाव नाई सांगत होतो, तुटलं कायनं ते सांगत होतो. तू पोरायच्या कामाचे पैसे दिले, म्हनून मुकादमानं काम मोजून घेतलं. त्याचं चुकलं नाई. ते पोट्टे इथं येताना घरून काय सोडून येते, त्याचे पैसे दे."

"म्हनजे?"

"काळीपिवळीचं भाडं. दुपारची भाकर. अन् घरचा एक रोज बुडते, तो. काम किती केलं ते त्याच्यात मोजायचंच नाई. अन् पंधरा दिवसानं एकदम देऊ नको. बाजाराच्या आदल्या दिवशी दे. ज्याच्या घरी आठवड्याचा बाजार आठवड्याच्याच पैशात होते, त्याले महिनाअखेरचं बक्षीस काय कामाचं?"

मालकाने मान हलवली. मग त्याला एक शंका आली. "कृषी केंद्रवाल्याच्या पोरालेबी द्यायचे? त्याच्या बापाजवळ माझ्यापेक्षा जास्त हाय."

"त्यालेबी द्यायचे. तेवढेच."

"काऊन?"

"गरीब पाहून देशील तं ते दान होईल. अन् ती नदीकाठची पोट्टी दान घेनार नाई. तिनं तं तुले पैशाचं सांगाचीबी लाज केली."

तिसऱ्या वर्षी असे ठरले. दिवसाचे दोनशे रुपये, सगळ्यांना सारखे, दर आठवड्याला, कीर्दीत नाव लिहून आणि सही घेऊन. सकाळचा सगळा वेळ मिस्त्रीचा. दुपारी गिरणीचे कोणतेही काम पाहावे, हात लावावा, करून बघावे, पण ज्या कामावर कुणाचा रोज चालतो ते काम पोरांवर सोपवून त्या माणसाला घरी बसवायचे नाही. हे शेवटचे मालकाने स्वतः मुकादमाला सांगितले, आणि त्या दोन बायांनाही खिडकीशी बोलावून सांगितले.

त्या वर्षी मालकाने कॉलेजला कळवले की चारच जण पाठवा. चारांत ती नदीकाठची मुलगी होती. तिचे शेवटचे वर्ष होते. तिच्या आईने शेजारणीच्या मुलीला पुड्यांत वाटा देऊन सोबत घेतले होते, आणि दर आठवड्याला घरी येणाऱ्या पैशांनी तो वाटा भरून निघत होता.

कृषी केंद्रवाल्याचा मुलगाही आला होता. त्याचे मागचे प्रमाणपत्र कॉलेजने मान्य केले होते, तरी त्याला पुन्हा यावेसे का वाटले, ते कळले नाही. पहिल्या आठवड्यात तो सवयीने पंख्याखाली बसला. या वेळी मिस्त्री सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "ऊठ. कीर्दीत सही करतं ना? मंग माझ्यासंगं उन्हात चाल." मुलगा उठला. त्याला राग आला नाही. आजवर त्याच्याकडून कुणी काही मागितलेच नव्हते. संध्याकाळपर्यंत त्याचे कपडे कोंड्याने भरले होते आणि रोलमधली फट किती ठेवली की टुकडा वाढतो, हे त्याला समजले होते. दुसऱ्या दिवशी तो त्या मुलीशी वाद घालत होता की टुकडा उन्हाने वाढतो की रोलने. दोघांनी मिळून दोन्हींचे नमुने काढले. बरेचसे ऊन निघाले, थोडा रोल.

मालकाने ती वही वाचली आणि त्याच आठवड्यात ताडपत्र्या मागवल्या. आधी त्या पावसाच्या तोंडावर यायच्या.

शिकणाऱ्याने घरकाम करावे आणि गुरूने विद्या द्यावी, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या रीतीत निदान शिष्याच्या पोटाची सोय गुरूच्या घरी असायची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' म्हटले तेव्हा त्यांच्यासमोर हीच पोरे होती, ज्यांच्या घराला त्यांचे हात सोडवत नव्हते. १९६१ च्या कायद्याने कारखान्यात नोंदलेल्या शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन देणे बंधनकारक केले. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली आणि बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरवले. पण ज्याचे शिक्षण चालू आहे, तो त्या योजनेत बसत नाही. कॉलेजातून पंधरा दिवसांसाठी आलेल्या पोराचे काय करायचे, ते ज्याच्या दारात तो येतो त्यालाच ठरवावे लागते. बिनपैशाची संधी सगळ्यांना खुली असते असे आपण म्हणतो. खरे तर ती फक्त त्यालाच खुली असते, ज्याच्या हातांवाचून घरचे काही अडत नाही. बाकीचे पाच दिवस येतात, आणि सहाव्या दिवशी आपण त्यांना दम नाही म्हणतो.

पुढच्या वर्षी कॉलेजातून पुन्हा नऊ नावांची यादी आली. मालकाने चार नावांवर खूण केली आणि यादी परत पाठवली. मिस्त्रीच्या हाताखाली चारच जण नीट शिकतात, असे त्याने खाली लिहिले. पैसे द्यायचे नसताना त्याने कधी मिस्त्रीला विचारलेही नव्हते की तुला किती जण झेपतील.

उरलेल्या पाच नावांसाठी त्याने पवनीच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या गिरणीवाल्याला निरोप पाठवला. तो माणूस एका दुपारी आला आणि दिवाणजींसमोर बसला.

"किती पडते हो, काका? सगळं धरून."

दिवाणजींनी कीर्द उघडली. "चार जनाचे पंधरा दिवसाचे बारा हजार." त्यांनी सह्यांचे पान त्याच्याकडे फिरवले. मग बोट त्या पानावरच ठेवून विचारले, "तुमच्या गिरणीत कनकी कोन चाळते?"

"दोन-तीन बाया हायेत."

"त्यायचा रोज कापनार नाई, हे आधी सांगा. मंग बाकीचं बोलू."